निदान चुकलं किंवा लांबलं, तर दावा कसा उभा करायचा

छातीच्या एक्स-रेवर उजव्या बाजूला, वरच्या भागात एक डाग. दोन महिन्यांचा खोकला, ६ किलो उतरलेलं वजन, वय ५२, तीस वर्षं विडी. डॉक्टर म्हणतात, टीबी दिसतोय, आणि एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. थुंकी तपासलेली नाही, सीटी काढलेला नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी बायोप्सी होते तेव्हा कळतं की तो फुफ्फुसाचा कॅन्सर होता आणि आता यकृतापर्यंत पोचलाय.

हा रुग्ण कल्पित आहे. घोटाळा मात्र नेहमीचा आहे. आपल्याकडे टीबी इतका आहे की डाग दिसला की पहिलं नाव त्याचंच तोंडात येतं. पुढची सगळी प्रक्रिया याच रुग्णाच्या कागदांवरून दाखवतो. कायदा भारताचा आहे, तपशील महाराष्ट्र-गोव्यातल्या वाचकाला लागतील असे आहेत.

दावा आहे का, हे आधी स्वतःशी ठरवा

निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कोर्ट मानत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयानं मोजमाप पक्कं केलं: त्या शाखेतला साधारण कुवतीचा डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल, ते केलं का? सगळ्यात हुशार डॉक्टरशी तुलना होत नाही. दोन मान्य मार्ग असताना डॉक्टरनं एक निवडला आणि तो फसला, तर तेवढ्यावर दावा टिकत नाही.

म्हणून तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. त्या तारखेला डॉक्टरसमोर काय होतं? तेवढ्यावरून कोणती तपासणी करायला हवी होती? आणि ती केली असती तर आज काय वेगळं असतं?

पहिल्या दोन प्रश्नांवर लोक तासन् तास बोलतात, आणि बहुतेक दावे तिसऱ्यावर पडतात. आपल्या रुग्णाचंच बघा. पहिल्या एक्स-रेच्या दिवशीच कॅन्सर पसरलेला होता असं निघालं, तर सहा महिन्यांच्या उशिरानं नुकसान किती झालं हे दाखवणं अवघड जातं. उलट पहिल्या फिल्मवर डाग २ सेंटिमीटरचा आणि सहा महिन्यांनी ७ सेंटिमीटरचा असेल, तर त्या दोन फिल्म हाच तुमचा दावा. हार्ट अटॅकमध्ये एक तास जीव घेतो, सावकाश वाढणाऱ्या गाठीत महिनाभरानं फारसं बिघडत नाही. उशीर किती झाला यापेक्षा उशिरात काय हातचं गेलं, ते मोजा.

टिकणारे दावे बहुधा ‘डॉक्टरला कळलं नाही’ असे नसतात, ‘डॉक्टरनं बघितलंच नाही’ असे असतात. छातीत दुखतंय तरी ईसीजी न काढता ॲसिडिटीची गोळी. स्तनात गाठ असताना मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी काहीच न करता ‘तीन महिन्यांनी दाखवा’. रेडिओलॉजिस्टनं रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘सीटी करून खात्री करावी’ असं लिहिलंय आणि ती ओळ कुणी वाचलेलीच नाही. ही शेवटची ओळ प्रत्येक रिपोर्टवर शोधा. दाव्याचा कणा पुष्कळदा तिथं सापडतो.

पायरी १: कागद, आणि तेही आजच

वकिलाआधी कागद. नोटीस गेल्यावर रुग्णालय सावध होतं, आणि सावध रुग्णालयाच्या फाइलमध्ये नोंदींची भर पडू शकते.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगितलंय की केसपेपरच्या प्रती देणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. ‘पॉलिसी नाही’, ‘फक्त कोर्टाला देतो’ ही उत्तरं ऐकून परत फिरू नका.

अर्ज साधा ठेवा, भांडणाचा सूर नको. ‘पुढील उपचारांसाठी संपूर्ण इनडोअर फाइलची प्रत मिळावी’ एवढं पुरे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. अर्जात पुढच्या गोष्टी नाव घेऊन मागा, नाहीतर चार पानांचं डिस्चार्ज कार्ड हातात ठेवून मोकळे होतात:

- ओपीडीचे केसपेपर, प्रत्येक भेटीचे
- डॉक्टरांचे रोजचे शेरे, नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी), औषधांचा तक्ता
- संमतीपत्रं आणि दुसऱ्या तज्ज्ञाला बोलावल्याच्या नोंदी
- लॅब रिपोर्ट, एक्स-रेच्या मूळ फिल्म, सीटी-एमआरआयची सीडी
- बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक
- तपशीलवार बिल आणि पावत्या

नर्सिंग नोट्सना कमी लेखू नका. डॉक्टरचा शेरा सावकाशीनं, विचार करून लिहिलेला असू शकतो. नर्सची नोंद पाळीगणिक, घड्याळ बघून होते: ‘रात्री २:४०, श्वास वाढला, डॉक्टरांना फोन केला.’ आणि डॉक्टरचा पुढचा शेरा थेट सकाळी ९ चा. मधले सहा तास कुणी आलं नाही, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

सीडी का? कागदावर छापलेल्या चित्रावरून दुसरा रेडिओलॉजिस्ट मत देत नाही, त्याला मूळ डिजिटल फाइल लागते. स्लाइड-ब्लॉकचंही तेच. रिपोर्ट चुकला की स्लाइड चुकली, हे पुन्हा वाचल्यावरच कळतं.

लॅब रिपोर्टवर सही कुणाची, तेही बघा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयाची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये कायम केलं. नुसत्या टेक्निशियनच्या सहीवर निघालेला रिपोर्ट असेल तर लॅबविरुद्ध तो स्वतंत्र मुद्दा होतो.

सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात नेहमीचा अर्ज अडला तर माहितीच्या अधिकारात मागा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत.

रुग्ण दगावला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल, तर पोस्टमॉर्टेमची मागणी त्याच वेळी करावी लागते. त्या घटकेला हे सुचणं अवघड, घरच्यांना सांगणं त्याहून अवघड. पण अंत्यसंस्कारानंतर मृत्यूचं कारण सिद्ध करायला फक्त कागद उरतात.

आणि एक. संतापात काच फुटली, रिसेप्शनवर हात उगारला, तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई लागू शकते. तुमच्या दाव्याआधी त्यांची फिर्याद उभी राहते. फेसबुकवर डॉक्टरचं नाव घेऊन लिहिणंही तूर्त टाळा.

पायरी २: तारखांचा तक्ता

वहीत चार रकाने आखा: तारीख-वेळ, काय तक्रार होती, डॉक्टरनं काय केलं, पुरावा कुठल्या पानावर. आपल्या रुग्णाच्या ओळी अशा होतील:

*३ फेब्रुवारी. खोकला ८ आठवडे, वजन कमी. एक्स-रे सांगितला. केसपेपर, पान १.*
*५ फेब्रुवारी. रिपोर्ट: उजव्या वरच्या भागात डाग, सीटीचा सल्ला. एकेटी सुरू. थुंकी तपासणीची नोंद नाही. पान २, ३.*
*१० एप्रिल. खोकला तसाच, थुंकीतून रक्त. तीच औषधं चालू. नवा एक्स-रे नाही. पान ५.*
*१२ ऑगस्ट. दुसऱ्या रुग्णालयात सीटी, ७ सेंटिमीटरची गाठ. पान ११.*

१० एप्रिलची ओळ ५ फेब्रुवारीपेक्षा जड आहे. पहिल्या दिवशी टीबी वाटणं समजण्यासारखं आहे. दोन महिने औषध देऊनही उतार नाही, वर रक्त पडतंय, आणि तरी निदानाचा फेरविचार नाही, याचा बचाव करणं कठीण. पहिली चूक पुष्कळदा माफ होते. समोर आलेल्या नव्या खुणेकडे केलेला काणाडोळा होत नाही. आपल्या तक्त्यात ही दुसरी तारीख शोधा.

तुमच्या बाजूची उणीवही त्याच तक्त्यात लिहा. फॉलोअपला गेला नाहीत, सांगितलेली तपासणी खर्चापायी टाळली, सही करून घरी निघून गेलात, हे सगळं सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, मांडणारच आहे. वकिलाला ते तुमच्याकडून आधी कळू द्या.

पायरी ३: मुदत

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: कारण घडल्यापासून २ वर्षं. सबळ कारण असेल तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका.

चुकलेल्या निदानात ‘कारण घडलं’ कधी? तुम्ही म्हणाल, खरं निदान कळलं तेव्हा. सामनेवाला म्हणेल, आमच्याकडची शेवटची भेट झाली तेव्हा. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयातली एक परिचारिका यात अडकली. १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया, दुखणं चालूच, २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटातून गॉझ निघाला, २००४ मध्ये तक्रार. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली: दुखत होतं तर इतकी वर्षं पुन्हा दाखवलं का नाही, आणि स्वतः परिचारिका असताना? ‘कळल्यापासून मुदत’ हा नियम कोर्टाला मान्य आहे, पण कळायला हवं होतं तेव्हापासूनही ती मोजली जाते. तेव्हा आपल्याला सगळ्यात गैरसोयीची तारीख धरा आणि तिच्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हा.

पायरी ४: तज्ज्ञाचं मत

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही. व्ही. किशन राव प्रकरणात (२०१०) थंडी वाजून ताप येणाऱ्या बाईंवर टायफॉइडचे उपचार झाले आणि मलेरिया राहून गेला. सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा मंचाचा (आताचा जिल्हा आयोग) २ लाखांचा आदेश पुन्हा लागू केला आणि चूक उघड असेल तिथं तज्ज्ञाची सक्ती नाही असं स्पष्ट केलं. तरीही कॅन्सर, मेंदू, हृदय अशा विषयांत लेखी मताशिवाय उतरणं म्हणजे बुडायची तयारी.

मत कुणाकडून? त्याच शाखेतला, शक्यतो दुसऱ्या शहरातला, शक्य तर वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेला डॉक्टर. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहीत नाही, त्यावर रागावून उपयोग नाही. त्याला ‘निष्काळजीपणा झाला का’ असं विचारू नका, ते आयोग ठरवेल. असं विचारा: ‘१० एप्रिलला ही लक्षणं असताना कोणत्या तपासण्या अपेक्षित होत्या? त्या वेळी गाठ सापडली असती तर उपचाराचा कोणता पर्याय होता?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मताच्या कागदावर नसेल तर मत अर्धवट आहे. खासगी तज्ज्ञ मिळेना, तर तक्रार दाखल झाल्यावर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाचं मत मागवावं असा अर्ज आयोगाकडे करता येतो.

पायरी ५: दार कुठलं ठोठवायचं

पैसे हवे असतील तर ग्राहक आयोग. व्ही. पी. शांता निकालापासून (१९९५) पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्यात येते. बिल विमा कंपनीनं किंवा मालकानं भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच. ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजनेची रुग्णालयंही येतात (२००७). काहींकडून पैसे आणि काहींवर मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयातला मोफत रुग्णसुद्धा येतो. सगळ्यांनाच सगळं मोफत असेल तिथं मात्र हा रस्ता बंद. तिथं दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका. सरकारविरुद्ध दिवाणी दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते आणि मुदतीचं गणित वेगळं असतं, म्हणून वकिलाला पहिल्या भेटीतच गाठा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात पोटात टॉवेल राहिल्याच्या अच्युतराव खोडवा प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला जबाबदार धरलंय.

परवान्यावर कारवाई हवी तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, किंवा गोव्याची कौन्सिल. ताकीद, किंवा काही काळ वा कायमची नोंदणी रद्द, एवढंच. भरपाई मिळत नाही. ही तक्रार आयोगातल्या तक्रारीसोबत चालू शकते.

फौजदारीचा मोह बहुतेकांना होतो. रुग्ण दगावला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) डॉक्टरला २ वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण त्याला ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, आणि पोलीस आधी सरकारी डॉक्टरांचं मत घेतात. ते विरोधात गेलं की तोच कागद सामनेवाला आयोगात दाखल करतो. निदानाच्या उशिरात हा रस्ता क्वचितच धरावा.

डॉक्टरची पदवीही तपासा. मुंबईच्या पूनम वर्मा प्रकरणात (१९९६) होमिओपॅथीच्या डॉक्टरनं तापावर ॲलोपॅथीची औषधं दिली, आधी व्हायरल म्हणून, मग टायफॉइड म्हणून, आणि रुग्ण गेला. जी पद्धत शिकलो नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा, असं कोर्टानं धरलं आणि ३ लाख दिले.

पायरी ६: कोणता आयोग, किती शुल्क

इथं लोक हमखास चुकतात. हद्द मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. बिल ३ लाखांचं आणि मागणी ८० लाखांची असेल तरी जागा जिल्हा आयोगच. शुल्कही भरलेल्या पैशांवरच: ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००.

तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते (कलम ३४). उपचार मुंबईत झाले, घर सिंधुदुर्गात, तर तक्रार सिंधुदुर्गात. दर तारखेला मुंबई गाठण्यापेक्षा हे बरं. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही, पण या विषयात घ्यावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

सामनेवाले निवडताना हात आखडता घ्या. उपचार करणारा डॉक्टर, रुग्णालय, चूक रिपोर्टमध्ये असेल तर लॅब. व्हिजिटिंग डॉक्टर आमचा नोकर नाही, असं रुग्णालय म्हणेल, पण सविता गर्ग निकालानं (२००४) ती पळवाट बुजवली आहे. भूलतज्ज्ञापासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना ओढलंत की नोटिसा बजावण्यातच वर्ष जातं.

पायरी ७: तक्रार लिहिणं आणि आकडा मांडणं

८-१० पानं पुरतात. पक्ष, तारखांची हकिकत, कोणती तपासणी कधी राहिली, त्यानं काय बिघडलं, मुदत, हद्द, मागणी. सोबत प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, सलग पानक्रमांक. प्रत्येक आरोपाशेजारी पान क्रमांक हवाच. व्हॉट्सॲपवर डॉक्टरला फोटो पाठवला होता आणि त्यानं ‘काळजी नको’ लिहिलं होतं? छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा आणि मोबाइल फॉरमॅट करू नका. ‘सैतान’, ‘खुनी’ असले शब्द वकील खोडेल, तुम्हीच लिहू नका.

मागणीचा आकडा तुकड्यांनी बांधा: चुकीच्या उपचाराचा खर्च, उशिरामुळे वाढलेला खर्च, बुडालेलं उत्पन्न, पुढचे उपचार, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा पगारपत्रक. शेतकऱ्यानं सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या, साखर कारखान्याची बिलं जोडावीत.

आकडे कुठून कुठं जातात, याची कल्पना असू द्या. भोपाळमध्ये डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्ताकडे वेळेवर लक्ष दिलं गेलं नाही, त्या अरुणकुमार मंगलिक प्रकरणात (२०१९) १५ लाख. ३२ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांची आरओपी तपासणी (अकाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची) राहिली आणि दृष्टी गेली, त्यात २०१९ मध्येच ७६ लाख. तशाच चेन्नईच्या सरकारी रुग्णालयातल्या प्रकरणात (२०१५) सुमारे १ कोटी ८० लाख, पण ते बाळ १९९६ मध्ये जन्मलं होतं, म्हणजे निकाल यायला १९ वर्षं गेली. मोठे आकडे तिथं लागले जिथं पुढं आयुष्यभराचा खर्च दाखवता आला.

पायरी ८: दाखल झाल्यावर

सामनेवाल्याला जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगितलंय की त्यापुढं एक दिवसही नाही. तारीख मोजून ठेवा आणि ४५ दिवस उलटले की लगेच लेखी हरकत घ्या. त्यांच्या जबाबासोबत आलेली फाइल आणि तुम्ही पायरी १ मध्ये मिळवलेली फाइल पानापानानं ताडून बघा. तुमच्या प्रतीत नसलेला ‘सीटीचा सल्ला दिला, नातेवाइकांनी नाकारला’ हा शेरा त्यांच्या प्रतीत उगवला असेल, तर दोन्ही पानं शेजारी ठेवून अर्ज द्या. याच घटकेसाठी शिक्क्याची ती प्रत जपायची होती.

समझोत्याचा प्रस्ताव आला तर थेट झिडकारू नका. बहुतेक डॉक्टरांचा व्यवसाय-विमा असतो, आणि कंपनीचा वकील पुरावा जड दिसला की बोलायला येतो. रक्कम, देण्याची तारीख आणि न दिल्यास व्याज, तिन्ही आयोगासमोर नोंदवून घ्या.

कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल लिहिलेला आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात, तशी मनाची आणि पैशाची तयारी ठेवा.

जिल्हा आयोगाच्या आदेशावर अपील ४५ दिवसांत. सामनेवाल्यानं अपील केलं तर त्याला आधी रकमेचा निम्मा भाग भरावा लागतो. अपील नाही, पैसेही नाहीत, अशा वेळी कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड आहे, आणि त्याची नोटीस बजावली गेली की थकलेला धनादेश पुष्कळदा पुढच्या तारखेआधी येतो.